दाराबाहेरची मंडळी

"जॅकेट काय, कुठेही शिवून मिळतं," असं तो म्हातारा म्हणाला आणि ते वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणाला तेही अगदी सहज, आवाज न चढवता, फक्त हातात नंगी तलवार होती इतकंच. समोर छातीपर्यंत दाढी असलेला धिप्पाड बाइकर, अंगात काळं लेदरचं व्हेस्ट, आणि पाठीवर गुण्या आणि कंपासची एवढी मोठी खूण शिवलेली की मागून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही अर्ध्या किलोमीटरवरून कळावं, हा माणूस फ्रीमेसन आहे, म्हणजे गवंड्यांच्या खुणा आणि गुप्त रीती पाळणाऱ्या त्या जुन्या बंधुसंघातला. त्या म्हाताऱ्याला, म्हणजे लॉजच्या (मेसन लोकांच्या स्थानिक शाखेला आणि तिच्या सभेला लॉज म्हणतात) दारावर बसलेल्या पहारेकऱ्याला, ह्यांच्या भाषेत टायलरला, मात्र ती दिसत नव्हती, किंवा दिसून काही उपयोग नव्हता. त्याने विचारलं, "तुझ्यासोबत लॉजमध्ये बसलेला कोणी आहे का इथे?" दाढीवाल्याने मागे वळून पाहिलं, बाकीच्यांनी माना हलवल्या. सकाळपासून हे सगळे त्याच्यासोबत रस्त्यावर होते, त्याला पेट्रोल पंपावर कॉफी पाजली होती, पण तो न्यूझीलंडहून नवीन आलेला आणि बंद दाराआड, लॉज चालू असताना, त्याच्या शेजारी बसलेलं असं कोणीच नव्हतं. त्याने कार्ड काढलं, टायलरने ते नीट बघितलं, परत दिलं, आणि मग आतून दोन म्हातारे येऊन त्याला बाजूच्या खोलीत घेऊन गेले, आणि हा एवढा माणूस तोंडी परीक्षेला निघालेल्या पोरासारखा त्यांच्या मागून खाली मान घालून गेला.

मी तिथे काय करत होतो हे आधी सांगायला हवं, कारण मी मेसन नाही. सिडनीत आमच्या शेजारी एक रिटायर्ड इलेक्ट्रिशियन राहतो, तो आहे, आणि त्याच्या मेसन मित्रांचा एक बाइक क्लब आहे. हे लोक महिन्या-दोन महिन्यातून एकदा आतल्या भागातल्या एखाद्या छोट्या गावी जातात, तिथल्या लॉजच्या सभेला बसतात, रात्री मुक्काम करतात आणि परत येतात. माझ्याकडे हिमालयन आहे, रॉयल एनफील्ड, तिच्यावरून त्याची आणि माझी कुंपणावरून ओळख झाली. "तू आत येऊ शकणार नाहीस, पण राइडला ये, जेवायला ये," असं तो म्हणाला. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "ते त्रिकोणात डोळा वाले ना? बळीबिळी देत नाहीत ना?" आपल्याकडे व्हॉट्सॲपवर जे काही फिरतं त्यातून ह्या लोकांची जी प्रतिमा झालीये ती सगळी त्या एका प्रश्नात आली. मी म्हटलं, शेजाऱ्याला बघितलंयस ना, त्याला स्वतःच्या कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर काढायचा ते लक्षात राहत नाही, तो जग काय चालवणार.

ऑगस्टचा शेवट होता, थंडी सरत आलेली पण सकाळी हातमोज्यातून बोटं बधिर होत होती. बेल्स लाइन ऑफ रोडने वर चढलो. हा रस्ता ज्यांनी चालवलाय त्यांना सांगायला नको, वळणामागून वळण, एका बाजूला खडक, मध्येच बिलपिनच्या सफरचंदांच्या बागा, आणि त्या दिवसात दोन्ही बाजूला वॉटलची झाडं पिवळीधमक फुललेली. हेल्मेटच्या आतसुद्धा तो गोडसर, परागांचा वास येतो, डोळे चुरचुरतात. शेजाऱ्याने थांब्यावर एक डहाळी तोडली आणि म्हणाला, हे आमचं झाड. म्हणजे वॉटल ही बाभळीच्या जातीतली, अकेशिया, आणि मेसन लोकांच्या दंतकथेत मारल्या गेलेल्या कारागिराच्या खड्ड्यावर खूण म्हणून अकेशियाचीच फांदी खोचलेली असते, त्यामुळे मेसन पद्धतीच्या अंत्यविधीला भाऊबंद एकेक डहाळी टाकतात. ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय फूल आणि ह्यांच्या मरणाची खूण एकच. त्याने ती डहाळी टँक बॅगच्या पट्ट्यात अडकवली आणि पुढे पंचवीस किलोमीटरवर ती कधीतरी उडून गेली.

ह्या लोकांची चालवायची एक पद्धत आहे ती मला फार आवडली. सगळ्यात पुढे वाट दाखवणारा, सगळ्यात शेवटी एक जण, त्याने पिवळं चकाकतं जाकीट घातलेलं, आणि मध्ये कोणी कितीही मागेपुढे झालं तरी चालतं. कारण जिथे जिथे वळायचं असतं तिथे पुढचा माणूस हाताने खूण करतो आणि त्याच्या लगेच मागचा बाइकर त्या कोपऱ्यावर थांबतो. तो तिथेच उभा राहतो, येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवत, पिवळं जाकीट दिसेपर्यंत. मग तो निघतो. अशी प्रत्येकाची पाळी येते. लिथगोच्या पुढे एका फाट्यावर माझी आली. सगळे गेले, आवाज विरला, आणि मी एकटा त्या फाट्यावर, एका बाजूला मेंढ्या, इंजिन गार होताना टिकटिक वाजतंय. शेवटचा माणूस येईना. खरं सांगतो, त्या वेळात मला पहिल्यांदा वाटलं की मी ह्यांच्यातला आहे, आणि गंमत म्हणजे तेव्हा आजूबाजूला ह्यांच्यातलं कोणीच नव्हतं.

पिवळं जाकीट घालून शेवटी येणारी होती शेजाऱ्याची बायको.

तिला मी मनात वहिनी म्हणतो, तोंडावर अर्थात नावाने. साठी ओलांडलेली बाई, स्वतःची ट्रायम्फ चालवते, आणि सगळ्यांत चांगली चालवते असं नवऱ्यासकट सगळे कबूल करतात. शेवटी चालवणं हे सोपं काम नाही. मागे कोण राहिलं, कोणाची चेन ढिली आहे, कोण दमलंय, हे सगळं तिला बघायचं असतं, आणि कोणी पडलं तर तिथे सगळ्यात आधी पोचणार तीच. तिच्याही व्हेस्टवर पॅच आहे पण लहान, छातीवर. पाठीवरची मोठी खूण फक्त मेसनला.

दुपारी जेवायला एका पबपाशी थांबलो तर दारावर पाटी, क्लबचे पॅच लावून आत येऊ नये. ऑस्ट्रेलियात ही पाटी नवीन नाही. इथे बाइकी टोळ्या हा भीतीचा विषय आहे, सिडनीच्या मिलपेरामध्ये 2 सप्टेंबर 1984 ला, फादर्स डेच्या दिवशी, दोन टोळ्यांनी पबच्या पार्किंगमध्ये एकमेकांवर गोळ्या झाडल्या, सात जणं मेली, त्यात एक चौदा वर्षांची मुलगी होती जिचा कशाशी काही संबंध नव्हता. ते अजून लोक विसरलेले नाहीत. पुढे क्वीन्सलंडने 2013 मध्ये टोळ्यांविरुद्ध कडक कायदे केले तेव्हा साधे रविवारी फिरणारे क्लबवालेही रस्त्यात थांबवले जायला लागले. त्यामुळे पाठीवर काय शिवायचं, किती तुकड्यांत शिवायचं, गावाचं नाव खाली कमानीत घालायचं की नाही, ह्या सगळ्याचे अलिखित नियम आहेत, आणि चुकीचं शिवलं तर पोलिसांपेक्षा आधी भलतेच लोक येऊन विचारतात. मेसन बाइकरांची जगभर पसरलेली जी संघटना आहे, विडोज सन्स म्हणजे विधवेचे मुलगे, ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सुरू झाली, आणि आपण फक्त राइडिंग असोसिएशन आहोत, टोळी नाही, हे तेही पुन्हा पुन्हा सांगत असतात. सगळ्याच ग्रँड लॉजना, म्हणजे लॉजेसच्या वरच्या मुख्य संस्थांना, हा लेदरचा अवतार रुचलेला नाही हा भाग वेगळा. तर त्या पबपाशी आमच्या सगळ्यांनी निमूटपणे व्हेस्ट उलटी करून अस्तर बाहेर काढून घातली. सत्तरीचे गुडघेदुखीवाले काका लोक, ग्रॅव्हलमध्ये उभे राहून व्हेस्ट उलटी करतायत. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. आणि त्याच संध्याकाळी ज्या दारात ह्या खुणेचा मान व्हायचा तिथेही म्हाताऱ्याने तिला विचारलं नाही. एका दारात खूण फार खरी ठरली म्हणून अडचण, दुसऱ्या दारात ती काहीच ठरली नाही म्हणून.

लॉजचा हॉल गावाच्या टोकाला, लाकडी फळ्यांचा, पत्र्याच्या छपराचा, बाहेरून शाळेचा जुना वर्ग वाटावा असा. खिडक्या उंचावर. सभा सुरू व्हायच्या आधी आम्हाला, म्हणजे मला आणि बायकांना, आत फिरवून दाखवलं. काळ्यापांढऱ्या चौकटींचा गालिचा, मध्यभागी टेबलावर धर्मग्रंथ (कोणाचाही चालतो, ज्याला शपथ घ्यायची त्याचा), तीन दिशांना तीन मोठ्या खुर्च्या, पूर्वेला मास्टरची, म्हणजे लॉजच्या प्रमुखाची. दोन दगड ठेवलेले, एक ओबडधोबड, एक घासून चौकोनी केलेला, म्हणजे आत येतानाचा माणूस आणि पुढे व्हायला हवा तो माणूस. ओळंबा, लेव्हल, हातोडा, सगळी गवंड्याची हत्यारं, पण इतकी वर्षं कोणी त्यांनी एक वीट रचलेली नाही. लाकडाचं पॉलिश, जुनी लोकर, आणि आतल्या स्वयंपाकघरातून भाजलेल्या मटणाचा वास, असं सगळं मिसळलेलं होतं. भिंतीवर सोनेरी अक्षरात एकेका वर्षाच्या मास्टरचं नाव. बोर्डाच्या शेवटी शेवटी बघितलं तर तीच तीच तीन-चार नावं फिरून फिरून येत होती. मी काही बोललो नाही. दाखवणाऱ्यानेच सांगितलं की आता पाळीपाळीने आम्हीच होतो, दुसरं आहे कोण.

हेच ह्या राइडचं खरं कारण. लॉज भरवायला सात माणसं लागतात, तीन जण चालवतात, पाच जण धरून ठेवतात, सात झाले की पूर्ण, असं ह्यांच्यात सांगतात. आणि नवीन माणसाला घ्यायचं असेल तर सातनेही भागत नाही, एकेकाला लांबलचक पाठ असलेले उतारे म्हणायचे असतात, त्याला हाताला धरून फिरवायचं असतं. गावाकडच्या लॉजमध्ये तेवढी माणसं राहिलेली नाहीत. अमेरिकेत 1959 साली 41 लाखांच्या आसपास मेसन होते, आता दहा लाखांच्या खाली आलेत, आणि ही घसरण तिथेच आहे असं नाही. म्हणून हे बाइकवाले येतात आणि रिकाम्या खुर्च्या भरतात. व्हेस्ट काढायची, सॅडल बॅगमधून काळा सूट काढायचा, वर निळ्या काठाचा पांढरा ॲप्रन बांधायचा, हातात पांढरे मोजे. ज्या बोटांना दिवसभर क्लच धरून वळ पडलेत त्याच बोटांवर. कपडे बदलून आले तेव्हा मला त्यातले अर्धे लोक ओळखूच आले नाहीत.

एका कोपऱ्यात जुनं सभेचं आमंत्रण फ्रेम करून लावलेलं होतं, त्यात तारखेऐवजी लिहिलेलं, पौर्णिमेला किंवा त्याआधीच्या गुरुवारी. पूर्वी आडगावची बरीच लॉजेस अशी चंद्र बघून भरायची, कारण लोक लांबून घोड्यावर यायचे आणि रात्री परत जाताना उजेड हवा. मी ते वाचून बराच वेळ तिथे थांबलो. आता घोडे गेले, एलईडी हेडलाइट आले, आणि तरी ह्यांना रात्री परत जाता येत नाही, कारण दिवेलागणीला कांगारू रस्त्यावर येतात आणि बाइकवाल्याला कांगारू म्हणजे थेट दवाखाना. म्हणून मोटेलचं बुकिंग. घोड्याला निदान कांगारू आधी दिसायचा.

मग दार बंद झालं. आतून हातोड्याची ठकठक, बाहेरून टायलरने दिलेली ठकठक. आणि बाहेर उरलो आम्ही. टायलर, वहिनी, गावातल्या दोन बायका ज्या जेवणाचं बघत होत्या, मी, आणि एक पोरगा ज्याला त्या रात्री घेणार होते. मला हे आधी लक्षातच आलं नव्हतं की टायलर हा मेसन असून सबंध सभा दाराबाहेर बसतो. सहसा जुना जाणता माणूस, स्वतः मास्टर होऊन गेलेला. त्याने तलवार खुर्चीला टेकवून ठेवली, खिशातून शब्दकोड्याचा कागद काढला, आणि मला विचारलं, सात अक्षरी नदी, आफ्रिकेतली. पोरगा कुठल्याशा वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, नखांतलं ग्रीस घासूनही न गेलेलं. त्याच्याकडून घड्याळ, पाकीट, युटची (मागे उघडा हौदा असलेल्या गाडीची) चावी, पट्टा, धातूचं जे जे काही ते सगळं काढून एका ट्रेमध्ये ठेवलं. खिशात दमडी नको, कारण आत गेल्यावर त्याच्याकडे दान मागणार आणि द्यायला काही नसल्याची लाज त्याला एकदा वाटायला हवी. हे मला टायलरनेच सांगितलं. मी म्हटलं हे तर गुपित ना? तो म्हणाला, कसलं गुपित, 1730 साली सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने लंडनमध्ये सगळं छापून टाकलं, तेव्हापासून ज्याला वाचायचंय तो वाचतोय. झाकली मूठ म्हणायची, आणि आत काय आहे ते जवळजवळ तीनशे वर्षं बाजारात विकायला आहे.

पण त्या दाढीवाल्याचं अजून व्हायचं होतं. तो बाजूच्या खोलीतच होता. सभा सुरू झाली तरी त्याची तपासणी चालू, आणि भिंती फळ्यांच्या. तपासणाऱ्या दोघांपैकी एकाच्या कानात मशीन होतं आणि ते बहुतेक नीट चालत नव्हतं. कारण आतून दबक्या आवाजात काहीतरी पुटपुटणं ऐकू यायचं, आणि मग खणखणीत आवाजात, "काय? जरा मोठ्याने बोल बाबा." पुन्हा पुटपुट. पुन्हा, "मोठ्याने!" जो शब्द कानात, तोही तुकड्या-तुकड्याने सांगायचा असतो, तो शब्द हा म्हातारा ओरडून मागत होता. टायलरने शब्दकोड्यातून मान वर केली नाही. मी छताकडे बघायला लागलो. वहिनी तोंडावर रुमाल धरून हलत होती, आणि शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मला तो शब्द तीस वर्षांपासून माहितीये. नवरा बाथरूममध्ये पाठांतर करतो."

थोड्या वेळाने दार उघडलं, दाढीवाला घामाघूम होऊन बाहेर आला, ॲप्रन सारखा केला, आणि टायलरने तलवार उचलून त्याला रीतसर आत सोडला. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला अनपेक्षित होता. मला वाटलं होतं चिडेल. पाठीवर एवढी खूण घेऊन शेकडो किलोमीटर आलेला माणूस, त्याला असं उभं आडवं विचारतात म्हणजे काय. मी असतो तर चिडलो असतो. पण मला वाटतं त्याला तेच हवं होतं, कोणीतरी खरोखर विचारावं. आपल्याकडे आजकाल नुसती बाहेरची खूण बघून माणूस आत घेतात किंवा बाहेर ठेवतात, ती खूण शिवून आणलेली आहे का कमावलेली हे विचारायला कोणाला वेळ आहे. इथे निदान दोन म्हाताऱ्यांनी वेळ काढला, एकाला ऐकू येत नसताना.

आणि तरी वहिनी बाहेरच होती. हे मला पचत नाही. तिला कितीही वेळ काढून विचारलं, सगळी उत्तरं बरोबर आली (आणि ती येतील, बाथरूमची कृपा) तरी ते दार तिच्यासाठी उघडणार नाही. दिवसभर जिने शेवटी राहून सगळ्यांना सांभाळत आणलं ती संध्याकाळी ट्रे मोजत बसली. बायकांना घेणारी लॉजेस आहेत, पॅरिसमध्ये 1893 पासून स्त्री-पुरुष एकत्र असलेली शाखा आहे, ॲनी बेझंट त्यातलीच, पण हे लोक त्यांना मान्यता देत नाहीत. मी तिला हे जरा तावातावाने म्हटलं तर ती म्हणाली, "मला एवढं पाठांतर नको, एवढ्या वेळात मी इंजिन उघडून बंद करेन." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तसंही ते सगळे स्वतःला विधवेचे मुलगे म्हणवतात ना, म्हणजे नावात मी आहेच. फक्त आधी ह्याने जायला हवं." बायबलात राजांच्या पहिल्या पुस्तकात सॉलोमनचं मंदिर सजवायला आलेला तांब्या-पितळेचा कारागीर हायरम हा विधवेचा मुलगा, त्यावरून मेसन स्वतःला तसं म्हणवतात, आणि मेसनच्या बायकोला नवरा गेल्यावर हेच लोक सांभाळतात, हे खरंय, मी पुढे पाहिलं की त्या गावातल्या जेवणाचं बघणाऱ्या दोघींपैकी एक तशीच होती, आणि तिच्या घराचं छप्पर गेल्या उन्हाळ्यात लॉजवाल्यांनीच बदललं होतं. तर मी नक्की कशावर रागवायचं हे मला तिथे बसून ठरवता येईना, आणि आजही येत नाही.

जेवणाला इथे साउथ म्हणतात. लांब टेबलं, मटण, बटाटे, गाजरं, बियरपेक्षा चहाच जास्त. आतून आलेला पोरगा मास्टरच्या उजव्या हाताला बसला, घड्याळ परत हातात, चेहरा जरा सुजल्यासारखा लाल. धर्म आणि राजकारण ह्यांच्याकडे चर्चेला वर्ज्य, त्यामुळे बोलणं पाऊस, मेंढ्या, टायर, आणि क्रिकेट. ब्रॅडमन 1929 मध्ये सिडनीत मेसन झाला होता हे मला तिथे तीन वेगवेगळ्या लोकांनी तीनदा सांगितलं, बहुतेक मी भारतीय आहे म्हणून. टायलर आता आत, टेबलाच्या टोकाला, आणि शेवटचा टोस्ट त्याच्याच नावाचा असतो, जगभरात जे कोणी मेसन अडचणीत आहेत त्यांच्यासाठी. त्याच्या शेजारी बसलेल्या एकाने मला एक किस्सा सांगितला तो मला फार आवडला. ह्या देशातली मेसन लोकांची अगदी सुरुवातीची एक सभा 1803 साली सिडनीत भरली, गव्हर्नर किंगने परवानगी नाकारली असताना, आणि ती भरवणारा सर हेन्री ब्राउन हेज हा स्वतः एका श्रीमंत मुलीला पळवून नेल्याबद्दल इकडे पाठवलेला आयरिश कैदी. सभा उधळली गेली, लोकांना अटक झाली. म्हणजे ज्यांच्या पॅचना आज पबवाले घाबरतात त्यांचं आणि ह्यांचं इथलं मूळ फार लांब नाही असं मी म्हटलं, तर टेबलावर एकदम शांतता, आणि मग सगळ्यात जास्त हसला तो कानात मशीन असलेला म्हातारा, कारण त्याला हे पहिल्या फटक्यात ऐकू आलं होतं.

परत आल्यावर बायकोने विचारलं, मग, तू होणार का? मी सांगितलं की हे लोक कोणाला ये म्हणत नाहीत, स्वतःहून विचारावं लागतं, आणि मी विचारलेलं नाही. विचारीन असं वाटत नाही. वहिनीचं ते ट्रे मोजणं मध्ये येतं. पण पुढच्या महिन्यात ते आणखी आत एका गावी चाललेत, तिथलं लॉज बंद होतंय, हॉल विकायला काढलाय, आणि सामान दुसरीकडे पोचवायचंय. तीन मोठ्या खुर्च्या, सोनेरी नावांचा बोर्ड, गालिचा, ते दोन दगड. बाइकवर हे काही येत नाही, म्हणून कोणीतरी भाड्याने ट्रक घ्यायचाय आणि चालवायचाय. ते काम मी घेतलंय. वहिनी माझ्या मागे ट्रायम्फवर असणार आहे, ओबडधोबड दगड नीट बांधला नाही तर रस्त्यातच थांबवीन असं तिने आत्ताच सांगून ठेवलंय.